गळ टाकण्याची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा

कोकणात मासे गरवायला चार वस्तू लागतात: गरी, दोरी, गांडूळ आणि दुपारभर काही काम नसणं. पहिल्या तीन कुणाकडूनही मागून आणता येतात. चौथीचा आमच्या गावात कधी तुटवडा पडला नाही. काठी असलीच पाहिजे असंही नाही. खाडीच्या कडेला बसून तर्जनीला दोरी गुंडाळून गरवणारे म्हातारे मी लहानपणी पाहिले आहेत. दोरीला हिसका बसला की पाण्याकडे न बघताच ते सांगत, "तांबोशी आसतली." या म्हाताऱ्यांना कुणी कधी परवाना विचारला नाही. विचारला असता, तर त्यांनी विचारणाऱ्यालाच गांडुळं उकरायला पिटाळलं असतं.

नोकरीपायी जर्मनीत डुसेलडॉर्फला येऊन पडलो आणि घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर ऱ्हाइन नदी निघाली. एवढं भरगच्च पाणी बघून मालवणी माणसाच्या मनात जो पहिला विचार येतो, तोच माझ्या मनात आला. काठावर एक गृहस्थ खुर्ची टाकून, दोन गळ लावून बसले होते. त्यांना मी विचारलं, "हे सामान कुठे मिळतं?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि उलट विचारलं, "परीक्षा दिलीत?"

मला वाटलं, जर्मन भाषेची म्हणताहेत. ते माशांची म्हणत होते.

आमच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात माणूस आणि मासा यांच्यामध्ये तीन कागद असतात. पहिला, मासेमारीची परीक्षा पास झाल्याचा दाखला. दुसरा, तो दाखला दाखवून नगरपालिकेकडून मिळणारा परवाना. त्याला फिशरायशाइन म्हणतात आणि तो एक किंवा पाच वर्षांसाठी काढतात. तिसरा, ज्या पाण्यात गळ टाकायचा त्या पाण्याच्या हक्कदाराची परवानगी. पहिला कागद जन्मभर चालतो, दुसरा काही वर्षं आणि तिसरा कधी कधी एकच दिवस. माशाच्या जितकं जवळ जावं, तितकं कागदाचं आयुष्य कमी होत जातं.

मासेमारी हा तिथे राज्यांचा विषय आहे आणि राज्यं आहेत 16. बर्लिनला वेढून बसलेल्या ब्रांडेनबुर्गमध्ये 2006 पासून अशी सोय आहे की, पाइकसारख्या शिकारी माशांच्या वाटेला जायचं नसेल आणि साधेभोळे मासेच धरायचे असतील, तर परीक्षा माफ. ठरलेला कर भरा, पाण्याची परवानगी काढा, बसा. उत्तरेच्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नमध्ये पर्यटकांना 28 दिवसांचा बिनपरीक्षेचा परवाना मिळतो. तिथला मासा परक्या माणसावर विश्वास टाकतो. आमच्याकडचा मासा आधी गुणपत्रिका मागतो.

या परीक्षेमागे कारण आहे आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. 1972 च्या प्राणिसंरक्षण कायद्यानुसार पाठीला कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला रास्त कारणाशिवाय मारणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कारण रास्त असलं, तरी कसं मारायचं याचं ज्ञान हवं, असंही तोच कायदा म्हणतो. 2002 मध्ये तर प्राण्यांचं संरक्षण देशाच्या घटनेतच घातलं गेलं. त्यामुळे ऱ्हाइनमधला चार बोटांचा मासासुद्धा घटनेच्या छत्राखाली पोहतो. जिवंत मासा आमिष म्हणून गळाला लावायला बंदी आहे. गांडूळ मात्र खुशाल लावा, कारण गांडुळाला कणा नसतो. कणा नसलेल्याच्या पाठीशी कायदाही उभा राहत नाही, हे सत्य मला जर्मनीत येऊन कळलं.

आईला फोनवर ही बातमी दिली. ती मालवणहून म्हणाली, "माशे मारूक परीक्षा? मगे जेवूक पण आसतली!" थोडा वेळ थांबून काळजीने विचारलं, "आणि झिला, नापास झालस तर?" आमच्या घराण्यात गणितात नापास झालेले आहेत, इंग्रजीत झालेले आहेत, एक चुलते तर हस्तकलेत झाले होते. माशांत अजून कुणी झालेलं नव्हतं. घराण्याची अब्रू पणाला लागली.

परीक्षेसाठी वर्ग लावलाच पाहिजे अशी आमच्या राज्यात सक्ती नाही, पण लावतात सगळेच. आमचा वर्ग एका हौशी मासेमारांच्या मंडळाच्या हॉलमध्ये भरायचा. भिंतीवर पेंढा भरलेला एक पाइक जबडा वासून बसवला होता आणि त्याच्या नजरेखाली आम्ही पाठांतर करायचो. शिकायला नाना तऱ्हेचे लोक. एक निवृत्त प्लंबर होते. जन्मभर पाण्याचेच काम करून आता विरंगुळा म्हणून पुन्हा पाण्याकडेच निघाले होते. एक पोलंडचा ट्रक ड्रायव्हर होता. तो पोरवयापासून गावच्या तळ्यात मासे धरत आलेला, त्यामुळे वर्गात बसावं लागणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटायचा. त्याचं दुःख मला समजत होतं, म्हणून आम्ही दोघे मागच्या बाकावर. आणि पुढच्या बाकावर एक तेरा वर्षांचा मुलगा. तेराव्या वर्षापासून ही परीक्षा देता येते आणि हा बहुधा वाढदिवसाचा केक कापून थेट वर्गात आला होता. त्याला सगळं येत होतं.

पहिला धडा होता माशाच्या अंगावरच्या बुळबुळीचा. शिक्षकांनी बजावून सांगितलं, माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे. कोरड्या हाताने तो बुळबुळीत थर निघून जातो, आणि सोडून दिलेल्या माशाला मग बुरशी लागून तो मरतो. मी हे इमानाने वहीत उतरवून घेतलं. आमच्या घरी हीच बुळबुळ राख आणि मीठ लावून घासून काढायला शिकवलं होतं, हे हात वर करून सांगावं असं वाटलं नाही.

मग आली माशांची ओळख. एकूण 49 रंगीत चित्रं. परीक्षेत त्यातली सहा समोर ठेवतात, चार तरी ओळखायची. ऐकायला सोपं वाटतं. मी मनात म्हटलं, मासे ओळखणं आणि मला शिकवणार? मुडदुशी, पेडवे, तारली आणि बांगडा यांतला फरक मला अक्षरं येण्याआधी कळत होता. आमची आई पापलेटच्या गालाखाली बोट घालून लाली बघते, पोटावर अंगठा दाबून बघते आणि मग कोळणीच्या डोळ्यांत बघते. तिन्ही ठिकाणी समाधान झालं, तर मासा पिशवीत. पण चित्राचे गाल उघडता येत नाहीत, पोट दाबता येत नाही, आणि परीक्षकाच्या डोळ्यांत तर काहीच दिसत नाही.

रोटआउगे आणि रोटफेडर या दोन माशांनी माझे रविवार खाल्ले. दोघेही चंदेरी, दोघांचेही पर लालसर, दोघेही वीतभर. फरक असा की, एकाचा पाठीवरचा पर पोटाच्या परांच्या नेमका वर सुरू होतो, तर दुसऱ्याचा जरासा मागे. एकाचं तोंड सरळ पुढे आणि दुसऱ्याचं वरच्या बाजूला वळलेलं. तो पृष्ठभागावरचे किडे खातो ना! आमच्याकडे अशा दोन माशांना एकाच टोपात शिजवून प्रश्न कायमचा मिटवला असता.

त्यानंतर मिशा. कार्पला मिशा चार. टेंचला दोन. वेल्स हा तिथल्या शिंगाळ्यांचा राजा, त्याला सहा. वरच्या दोन लांबलचक, खालच्या चार आखूड. चिखलात राहणाऱ्या श्लामपाइट्सगर नावाच्या बारीक, लांबट माशाला चक्क दहा. आणि क्वापे नावाच्या एका माशाला हनुवटीच्या मधोमध फक्त एक. इतर सगळ्यांना जोडीने मिशा देणाऱ्या विधात्याने क्वापेची दुसरी मिशी कुठे ठेवली, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. पण रात्री मला झोप लागू देत नसे.

शेवटी मी त्या तेरा वर्षांच्या मुलाची शिकवणी लावली. गुरुदक्षिणा म्हणून आईने पाठवलेलं मालवणी खाजं. ते कडाकडा चावत गुरुजींनी एकच सूत्र सांगितलं, "डोळ्याकडे बघू नका. डोळा फसवतो. पर बघा, तोंड बघा." अर्जुनाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे पचवणं जड गेलं. अर्जुनाला माशाचा नुसता डोळा दिसला आणि तेवढ्यावर त्याचं लग्न झालं. डुसेलडॉर्फला असता, तर त्याला पर किती, मिशा किती, तोंडाचा कल कुणीकडे हे विचारून झाल्यावर, बिनपरवाना बाण का मारला म्हणून नोटीस गेली असती. मासा लाकडी होता, यंत्रावर फिरत होता, एवढ्या मुद्द्यावरच काय तो सुटला असता.

लेखी परीक्षेत 60 प्रश्न. सहा विषय आणि प्रत्येक विषयाचे दहा. पास व्हायला एकूण 45 बरोबर हवेत, शिवाय प्रत्येक विषयात किमान सहा. म्हणजे पाच विषयांत पैकीच्या पैकी मिळवून कायद्याच्या विषयात पाचच बरोबर आले, तर 55 गुण मिळवूनही माणूस नापास. कायदा कच्चा असलेल्या विद्वानाला तिथे पाण्याजवळ फिरकू देत नाहीत.

विषय मात्र बहारीचे. पाणी चार अंश तापमानाला सर्वांत जड असतं, हे मला आठवीत शिकवलं होतं आणि नववीत मी ते विसरलो होतो. आता कळलं की हिवाळ्यात तळं वरून गोठतं तेव्हा हे चार अंशांचं जड पाणी तळाशी राहतं आणि त्याच्या आधाराने मासे थंडी काढतात. नदीचेही उगमापासून मुखापर्यंत माशांच्या नावाने पट्टे पाडलेले आहेत: वर थंड, खळाळत्या पाण्यात ट्राउटचा, मग ग्रेलिंगचा, मग बार्बेलचा, खाली संथ पाण्यात ब्रीमचा. नदीला पिनकोड असतात हे मला ठाऊक नव्हतं.

कायद्याचा भाग म्हणजे मापं आणि तारखा. पाइक 45 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडा. त्सांडर 40, ईल 50, कार्प 35. पाइक 15 फेब्रुवारी ते 30 एप्रिल या काळात कितीही मोठा लागला तरी सोडा, कारण ते त्याच्या विणीचे दिवस. त्सांडरचे एप्रिल आणि मे. साल्मन मात्र बाराही महिने सोडा. त्यामागे एक कहाणी आहे. ऱ्हाइनमधला साल्मन विसाव्या शतकाच्या मध्यात प्रदूषणाने आणि बांधबंधाऱ्यांनी नाहीसा झाला. पुढे 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, ती विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर विषारी रसायनं नदीत उतरली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मरून तरंगले. त्या धक्क्याने नदीकाठचे देश एकत्र बसले आणि 2000 सालापर्यंत साल्मन परत आणायचा असं त्यांनी ठरवलं. पिल्लं सोडली, बंधाऱ्यांवर माशांसाठी जिने बांधले आणि साल्मन थोडा थोडा का होईना, परतला. एवढ्या मिनतवाऱ्या करून माहेरी आणलेल्या माशाला कढईत टाकण्याची परवानगी मिळणार नाही, हे मालवणी माणसालाही पटतं. जरा वेळाने पटतं.

आणि सर्वांत अवघड प्रकरण, मासा हाती आल्यावर काय करायचं. क्रम ठरलेला आहे. जाळीने वर घ्यायचा. ओल्या हाताने धरून मापायचा. लहान असेल तर गळ हलकेच काढून पाण्यात. मापात बसत असेल तर आधी डोळ्यांच्या वर डोक्यावर लाकडी दांडक्याचा नेमका टोला देऊन बेशुद्ध करायचा, मग सुरीने हृदयाशी भोसकून किंवा कल्ले कापून मारायचा, आणि त्यानंतरच तोंडातला गळ काढायचा. माशाला तडफडू द्यायचं नाही, हा त्यातला मुद्दा. ईल मात्र टोल्याला दाद देत नाही, त्यासाठी वेगळी रीत सांगितली आहे: डोक्याच्या मागे मणका तोडायचा आणि लगेच हृदयासकट आतडी काढायची. या क्रमात मासा लागल्याचा आनंद कोणत्या पायरीवर व्यक्त करायचा, ते कुठे दिलेलं नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी एका सरकारी सभागृहात लांबलचक टेबलावर सामान मांडून ठेवलं होतं. रॉड, रिळं, दोऱ्या, शिसं, बुचं, गळ, पोलादी तार, आणि कडेला जाळी, मोजपट्टी, दांडका, सुरी, गळ काढायचा चिमटा. दहा प्रकारच्या मासेमारीपैकी एक प्रकार वाट्याला येतो आणि त्याचं सगळं सामान निवडून परीक्षकांसमोर नीट जोडून दाखवायचं असतं. पाइक आला तर पोलादी तार विसरायची नाही, कारण तो दातांनी साधी दोरी कुरतडतो. ईल आला तर तळाशी बसणारं शिसं. पाण्याचा थेंब नाही, मासा नाही, खिडकीबाहेर गाड्यांचा ताफा चाललेला, आणि आत कोट घातलेली माणसं अत्यंत गंभीर चेहऱ्याने अदृश्य माशांसाठी अदृश्य पाण्यात गळ सोडताहेत.

पोलंडच्या ड्रायव्हरच्या वाट्याला समुद्रातल्या कॉडची जड रॉड आली. आमच्या राज्याला समुद्रकिनारा नाही. सर्वांत जवळचा समुद्रही तासन् तास गाडी हाकल्यावर लागतो. त्याने रॉड, जाड दोरी आणि धातूचं जड आमिष निमूटपणे जोडलं, टेबलापासून दूर आल्यावर माझ्या कानात म्हणाला, "आता वाळवंटातल्या माशाचा प्रश्न तेवढा राहिला."

आम्ही सगळे पास झालो. त्या मुलाला एकही चूक नव्हती आणि त्याबद्दल त्याला काहीच विशेष वाटत नव्हतं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि वाडीत सांगितलं, झील जर्मनीत माशांतलो मोठो साहेब झालो.

पास झालो, परवाना काढला, तरी गळ पाण्यात टाकता येत नाही. तिसरा कागद बाकी असतो. नदीतली मासेमारी हा तिथे जमिनीशी जोडलेला जुना हक्क आहे. कुठल्या पट्ट्यावर संस्थेचा, कुठे एखाद्या घराण्याचा, कुठे मंडळाचा. आमच्या राज्यातल्या ऱ्हाइनसाठी हे हक्कदार एकत्र येऊन झालेली मासेमारी सहकारी संस्था परवानगीपत्र देते. त्यासोबत तिचे स्वतःचे नियम येतात आणि ते राज्याच्या नियमांहून कडक असू शकतात. म्हणजे राज्याचा पाठ केलेला कायदा बाजूला ठेवून पुन्हा नवी पुस्तिका पाठ करायची. काय पकडलं त्याची नोंदही ठेवायची: तारीख, जात, लांबी.

आता काठावरची हकीकत. ऱ्हाइनमध्ये आजकाल सगळ्यांत जास्त लागतो काळ्या तोंडाचा गोबी. हा इथला नव्हे; काळ्या समुद्राकडचा. 1992 मध्ये माइन आणि डॅन्यूब या नद्यांना जोडणारा कालवा पुरा झाला आणि जहाजांच्या सोबतीने अशा पाहुण्यांना पश्चिमेची वाट मोकळी झाली. हा आला, खडकांत राहू लागला आणि दिसेल त्या गांडुळावर तुटून पडू लागला. व्हिसा नाही, भाषेची परीक्षा नाही, राहण्याचा परवाना नाही, आणि नदीच्या तळाचा कब्जा याच्याकडे. परदेशी कचेरीत रांगा लावून उभं राहिलेल्या माझ्यासारख्याला त्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

एकदा निरीक्षक आले. नम्रपणे बिल्ला दाखवला आणि कागद मागितले. मी तिन्ही दिले. ओळखपत्र दिलं. मग सामान बघितलं: जाळी आहे. मोजपट्टी आहे. दांडका आहे. सुरी, चिमटा आहे. शेवटी त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. बादली कोरडी ठणठणीत होती. ते पुन्हा कागदांकडे वळले, सह्या-शिक्के निरखले आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "सगळं अगदी व्यवस्थित आहे." संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, "काय गावला?" मी म्हटलं, "निरीक्षक." ती म्हणाली, "सोडलंस मां त्याका?"

सोडण्यावरून आठवलं. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्याने चहा उकळेपर्यंत फोनवर परवाना काढला. परीक्षा नाही, मिशा नाहीत. तेरा वर्षांवरच्या सर्वांना परवाना लागतो आणि 15 मार्च ते 15 जून नद्यांवर मासेमारी बंद, एवढं त्याला पाठ. पण तो कार्प धरतो, गादीवर ठेवतो, वजन करतो, मिठीत घेऊन फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. तिथे हीच रीत आहे. केंट परगण्यातल्या एका तळ्यात टू-टोन नावाचा कार्प होता, 67 पौंडांच्या वरचा. त्याला किती जणांनी पकडून सोडलं याची गणती नसेल. 2010 मध्ये तो मेला तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली.

जर्मनीत याच्या नेमकं उलट. मापात बसणारा, खाण्याजोगा मासा नुसत्या फोटोसाठी पकडायचा आणि सोडायचा म्हणजे त्याला रास्त कारणाशिवाय छळायचं. अशा लोकांवर खटले होऊन दंड झालेले आहेत. पकडायचा तर खाण्यासाठी, नाहीतर पकडूच नका. एक देश म्हणतो, मासा खाल्लास तर तू रानटी; दुसरा म्हणतो, खाल्ला नाहीस तर तू क्रूर. दोन्ही देश माशाच्याच बाजूने बोलताहेत. मी मावसभावाला विचारलं, "गादीवर ठेवलेल्या माशाला बघून तुला चिंच आठवत नाही?" तो गप्प झाला. आठवत असणार.

मला विचाराल तर या वादात माझं मत जर्मनांकडे झुकतं, आणि ते केवळ पोटातून आलेलं नाही. साठ प्रश्न, 49 चित्रं, दहा रॉड, इतकं सगळं पाठ करताना एक गोष्ट ध्यानात येते: मासा हमखास कसा मिळवावा, हे कुणीच शिकवत नाही. ते नशीब, चिकाटी आणि गांडूळ यांच्यावर सोडलेलं आहे. परीक्षा घेतात ती मासा हाती आल्यावर माणूस कसा वागतो याची. तो कोण आहे हे तुला कळतं का? त्याचं वय झालंय का? त्याचे विणीचे दिवस तर नाहीत ना? मारणार असशील तर एका टोल्यात मारशील का? हे प्रश्न आमच्या खाडीवरच्या म्हाताऱ्यांनाही पडत असत. त्यांनी बारकी तांबोशी परत सोडलेली मी पाहिली आहे. "वाढूक दी," एवढंच ते म्हणत.

आपल्याकडे कायदे नाहीत असं कुणी समजू नये. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यावर बंदी घालणारा कायदा 1897 चा आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांनी समुद्रात जायचं नाही असा दंडक आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत आहे. 2023 मध्ये महाराष्ट्राने सिल्व्हर पापलेटला राज्यमासा केलं, आणि 54 जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. म्हणजे मोजपट्टी आपल्याकडेही आली आहे. फक्त ती बाजारापर्यंत पोचलेली दिसत नाही. सुट्टीत घरी गेलो की तळहातात तीन मावतील एवढी पापलेटं वाट्यांवर मांडलेली दिसतात. एकदाही अंडी न घातलेला राज्यमासा शंभराला वाटा.

मासे खाणाऱ्यांची परीक्षा घ्यावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. आपल्याकडे परीक्षा म्हटली की आधी क्लास निघतील, मग गाईड निघतील, मग क्वापेच्या मिशीवरचा पेपर आदल्या रात्री फुटेल. एवढ्या भानगडीची गरज नाही. बाजारात समोर बारकं पापलेट आलं तर ते स्वस्त असलं तरी घेऊ नका. मावशीला म्हणा, मोठं असेल तर दे, नसेल तर आज बांगडा दे. ती चार शब्द सुनावेल. ते ऐकून घ्या. बारक्या पापलेटाला गिऱ्हाईकच नाही असं चार बाजारांत झालं, की बारीक भोकांचं जाळं समुद्रात टाकणं कुणालाच परवडणार नाही. यासाठी कुठलाही कागद काढावा लागत नाही, आणि वाढलेलं पापलेट चवीलाही सरस असतं.